प्लेक्टिन नावाची गाठ

१९३० च्या पावसाळ्यात पक्षितज्ज्ञ सालिम अली किहीमला मुक्कामाला होते. तिथल्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे ते तासन्‌तास पाहत बसत आणि टिपणे काढत. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तो आतून-बाहेरून पाहते, पसंत पडला तर मुक्काम करते आणि मग नर दुसऱ्या खोप्याच्या कामाला लागतो, हे त्यांनी तिथे बारकाईने नोंदवले. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले आणि अलिबाग तालुक्यातल्या या छोट्या गावाचे नाव पक्षिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

खोपा विणताना सुगरण पक्ष्याची पहिली कामगिरी असते ती गाठीची. गवताची चिरफाळलेली पाती फांदीच्या टोकाला घट्ट बांधायची, मग त्यावर कडे, मग कड्याभोवती सारा डोलारा. वीण कितीही सुबक असली तरी फांदीवरची गाठ सैल पडली तर पहिल्याच वादळात खोपा पिलांसकट खाली येतो. किनाऱ्यावरच्या कोळ्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. धागा तुटतो त्यापेक्षा जाळे दोराला जिथे बांधलेले असते तिथेच ते अधिक वेळा दगा देते.

आपल्या शरीरातल्या पेशींमध्येही अशी एक गाठ आहे. तिचे नाव प्लेक्टिन. ती तयार करण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्याला शास्त्रज्ञ ‘पीएलईसी’ म्हणतात. हे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसेल आणि ऐकले नाही म्हणून एरवी काही बिघडलेही नसते. पण या एका जनुकाच्या गोष्टीत आपल्या आरोग्यविषयक विचारातल्या दोन मोठ्या चुका स्वच्छ दिसतात. जिथे दोष खरोखर जनुकाचा असतो तिथे आपण आईला, ग्रहणाला किंवा नशिबाला बोल लावतो. आणि जिथे दोष हातातल्या पुडीचा असतो तिथे ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून मोकळे होतो.

पेशीतले जाळे

पेशी म्हणजे पाण्याने भरलेला फुगा, असे शाळेतल्या चित्रावरून वाटते. प्रत्यक्षात तिच्या आत दोऱ्यांचा भक्कम सांगाडा असतो. त्यात तीन प्रकारचे दोरे असतात. सर्वांत बारीक अॅक्टिनचे, सर्वांत जाड म्हणजे सूक्ष्मनलिका, आणि या दोहोंच्या मधल्या जाडीचे, साधारण दहा नॅनोमीटरचे, म्हणून त्यांना मध्यम तंतू म्हणतात. पहिल्या दोन प्रकारचे दोरे सतत मोडतात आणि पुन्हा जोडले जातात. पेशीची हालचाल, विभाजन, मालवाहतूक अशी धावपळीची कामे त्यांच्याकडे. मध्यम तंतूंचे काम वेगळे आहे. ताण सोसायचा, ओढले तर लांबायचे आणि तुटायचे नाही. त्वचेच्या आणि तोंडातल्या अस्तराच्या पेशींत हे तंतू केराटिनचे असतात, स्नायूंत डेस्मिनचे. माणसाच्या जनुकसंचात मध्यम तंतूंची प्रथिने बनवणारी जनुके सत्तरच्या आसपास आहेत आणि त्यातली बहुसंख्य केराटिनची आहेत.

पण दोर नुसता मजबूत असून भागत नाही, तो कशाला तरी बांधलेला असावा लागतो. ते काम प्लेक्टिनचे. व्हिएन्नातील गेरहार्ड विशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास हे प्रथिन शोधले आणि ग्रीक भाषेतल्या ‘जाळे’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव दिले. प्लेक्टिन अवाढव्य आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, तर प्लेक्टिनच्या एका साखळीत सुमारे ४,७००. आठव्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाजवळ त्याचे जनुक आहे. या प्रथिनाचे एक टोक मध्यम तंतूंना धरते. दुसरे टोक त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशीच्या ‘पायां’ना, म्हणजे पेशीला खालच्या पटलाशी जखडून ठेवणाऱ्या सूक्ष्म बटणांना धरते. शिवाय अॅक्टिनचे दोरही त्याला धरता येतात. स्नायूंत हेच प्रथिन डेस्मिनच्या तंतूंना आकुंचन पावणाऱ्या धाग्यांशी जुळवून ठेवते. थोडक्यात, पेशीत जिथे जिथे जाळे कुठेतरी बांधायचे असते तिथे गाठ मारायला प्लेक्टिन हजर असते.

गाठ सुटते तेव्हा

ही गाठ नसेल तर काय होते, याचे उत्तर १९९६ मध्ये मिळाले. जन्मापासून अंगावर फोड येणारे आणि पुढे स्नायू दुबळे होत जाणारे काही रुग्ण डॉक्टरांना माहीत होते. त्वचेचा आणि स्नायूंचा विकार एकाच माणसात का, हे कोडे होते. त्या वर्षी वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवले की या रुग्णांत प्लेक्टिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी प्लेक्टिन मुळीच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत जन्माला घातले गेले. ते दोन-तीन दिवसांतच मेले.

त्वचेच्या या विकाराला ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स’ असे लांबलचक नाव आहे. साध्या भाषेत सांगायचे तर घासले की फोड. बाळाला उचलले, लंगोट घट्ट बसला, कुशीवर वळवले, एवढ्या घर्षणानेही त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि मध्ये पाणी साठते. यातली बहुतेक कुटुंबे केराटिन ५ किंवा केराटिन १४ या दोन जनुकांतल्या बिघाडाची असतात. तिथे दोरच कमकुवत असतो. प्लेक्टिनचा बिघाड त्यामानाने दुर्मीळ. तिथे दोर चांगला असतो, गाठ सुटलेली असते. प्लेक्टिनच्या रुग्णांत नखे जाड होणे, दातांचे दोष, आवाज घोगरा होणे हेही दिसते आणि स्नायूंचा अशक्तपणा कधी बालपणी तर कधी तिशी-चाळिशीत सुरू होतो. काही बाळांत जठराचे पुढचे तोंडच बंद असते. ती अवस्था फार गंभीर.

याच जनुकातल्या एका वेगळ्या बदलाची कहाणी नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावरची आहे. ओग्ना नावाच्या गावच्या कुटुंबात हातापायांवर चटकन फोड येण्याचा आणि अंग लवकर काळेनिळे पडण्याचा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. २००२ मध्ये त्याचे मूळ प्लेक्टिनच्या एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीत सापडले. इथे जनुकाची एक प्रत बिघडली तरी पुरे होते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आली की विकार दिसतो. तुर्कस्तानातल्या काही कुटुंबांत तिसराच प्रकार दिसला. त्वचा अगदी निरोगी, दोष फक्त स्नायूंत. कारण प्लेक्टिनच्या जनुकाला सुरुवातीचे अनेक पर्याय असतात. त्वचा एका सुरुवातीने प्लेक्टिन बनवते, स्नायू दुसऱ्या. बिघाड कोणत्या सुरुवातीत आहे त्यावर कोणता अवयव आजारी पडणार हे ठरते. एकच जनुक, पण आजार तीन-चार. ‘अमुक आजाराचे जनुक’ ही भाषा किती अपुरी आहे, ते यावरून कळावे.

मालिश, ग्रहण आणि मामाची मुलगी

आता हे सारे आपल्या घरात आणून पाहू. कोकणातल्या एखाद्या गावात बाळ जन्माला येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या टाचेवर, ढोपरावर, लंगोटाच्या रेषेवर फोड दिसतात. घरातले काय म्हणतील? कुणी म्हणेल, सुनेने ग्रहण पाळले नाही. कुणी म्हणेल, उष्णता बाहेर पडते आहे. मालिश करणारी बाई नेहमीच्या सवयीने तेल लावून अंग चोळेल, कढत पाण्याने न्हाऊ घालेल, शेक देईल. एरवी प्रेमाचे असलेले हे उपचार अशा बाळाला जखमा करतात. घर्षण आणि उष्णता हेच या फोडांना निमंत्रण असते. आई मात्र आयुष्यभर आपण काय चुकलो, याचा विचार करत राहते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रहणाचा, आईच्या खाण्यापिण्याचा किंवा तिच्या वागण्याचा या फोडांशी काडीचाही संबंध नाही. दुसरी गोष्ट, नवजात बाळाच्या अंगावर फोड आले तर वाट पाहू नये. बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्गाचे असते आणि तो वेळीच न आवरल्यास जिवावर बेतू शकतो. त्यामुळे त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे. संसर्ग नाही असे ठरले की त्वचारोगतज्ज्ञाकडे. त्वचेचा छोटा तुकडा काढून विशेष तपासणी आणि रक्तातून जनुकांची चाचणी, या दोहोंनी निदान पक्के होते. प्लेक्टिनचा दोष निघाला तर फोड कमी झाले म्हणून निश्चिंत राहून चालत नाही. स्नायू आणि हृदय यांच्याकडे पुढची अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

या विकाराला आजतरी मुळातून बरे करणारे औषध नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत फोडांच्या एका प्रकारावर जखमेवर लावायचा जनुकीय उपचार मान्य झाला, पण तो कोलॅजेनच्या दोषासाठी आहे, प्लेक्टिनसाठी नव्हे. बातमी वाचून कुणी धावपळ करू नये म्हणून हे सांगणे भाग आहे. मात्र औषध नाही याचा अर्थ काही करता येत नाही असा होत नाही. बाळाला काखेत धरून उचलू नये. खालून हात घालून, गादीसकट उचलावे. चिकटपट्टी त्वचेवर लावू नये. कपडे मऊ सुती आणि शिवण बाहेर ठेवून घालावेत. मोठा फोड निर्जंतुक सुईने फोडून पाणी काढावे, पण वरची कातडी काढू नये. तेच त्याचे झाकण. हे करायला यंत्र लागत नाही. परिचारिकेने अर्धा तास बसून आईला शिकवावे लागते. आपल्या व्यवस्थेत तोच अर्धा तास सर्वांत दुर्मीळ आहे.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. प्लेक्टिनचा स्नायूंसह येणारा विकार बहुधा दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतो. आई आणि वडील दोघेही एकेक सदोष प्रत बाळगतात आणि स्वतः ठणठणीत असतात. त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या नात्यात लग्न झाले की दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न ही मानाची सोयरीक समजली जाते. या प्रथेला नावे ठेवून काही साधत नाही. अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात. पण घराण्यात फोडांचा, स्नायूंच्या अशक्तपणाचा किंवा लहानपणीच दगावलेल्या बाळांचा इतिहास असेल तर सोयरीक जुळवण्याआधी आनुवंशिकतेच्या सल्लागाराशी एकदा बोलावे. पत्रिका पाहायला वेळ काढणाऱ्यांना एवढा वेळ काढणे जड जाऊ नये. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय विशेष केंद्र म्हणून नेमलेले आहे. किहीमहून मांडवा बंदर जवळच, आणि तिथून बोटीने मुंबई तासाभरावर. पण निदान कुठे होते हेच गावच्या दवाखान्याला माहीत नसेल तर हे अंतर वर्षानुवर्षांचे होते.

तीच गाठ, उलटा खेळ

आता याच जनुकाची दुसरी बाजू. तिच्यासाठी रायगड जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, ‘अॅक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाणारी. तिथे डॉ. मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षे तोंडाच्या कर्करोगातल्या केराटिनचा अभ्यास केला. केराटिन ८ आणि १८ ही जोडी एरवी यकृत, आतडे अशा ठिकाणच्या एकेरी अस्तरांत असते. प्रौढ माणसाच्या गालाच्या किंवा जिभेच्या अस्तरात ती नसते. पण कर्करोग होऊ लागला की ती तिथे अवेळी उगवते. तोंडाच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशींत ही जोडी कमी केली तर त्या पेशींची गाठी बनवण्याची ताकद घटते, असे या गटाने २०११ मध्ये दाखवले. पुढे २०१७ मध्ये त्यांनी प्लेक्टिन आणि त्याचे एक भावंड प्रथिन यांच्याकडे मोर्चा वळवला. ही गाठ कमी केलेल्या कर्करोगाच्या पेशी कमी फिरतात, आजूबाजूला कमी घुसतात आणि त्यांची अर्बुद बनवण्याची क्षमताही कमी होते, असे दिसले.

म्हणजे निरोगी त्वचेत जी गाठ नसेल तर अंग सोलवटते, तीच गाठ कर्करोगाच्या पेशीच्या हातात पडली तर तिला हातपाय पसरायला मदत करते. यात विरोधाभास वाटतो, पण तो वरवरचा आहे. होडीचा दोर धक्क्याला बांधला तर होडी स्थिर राहते. शिडाला बांधला तर ती चालू लागते. दोर तोच. पेशीला धरून ठेवायलाही टेकू लागतो आणि पुढे सरकायलाही.

इथे एक गैरसमज तातडीने दूर केला पाहिजे, कारण त्यावर धंदा उभा राहू शकतो. कर्करोगाच्या पेशीत प्लेक्टिनचा वापर बदलतो, याचा अर्थ त्या माणसाने वाईट प्लेक्टिन वारशाने घेतले असा नाही. त्याच्या बाकीच्या शरीरात हे जनुक बहुधा अगदी ठीक असते. बिघाड गालाच्या त्या चिमूटभर जागेतल्या पेशींत, आयुष्यभराच्या माऱ्यानंतर झालेला असतो. त्यामुळे लाळेच्या नमुन्यातून प्लेक्टिनचे जनुक तपासून ‘तुम्हाला तोंडाचा कर्करोग होईल की नाही’ हे सांगता येत नाही. कुणी तसे सांगून पैसे मागितले तर दार दाखवावे. शिवाय हे जनुक इतके मोठे आहे की कुणाच्याही चाचणीत त्यात एखादा ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल सापडू शकतो. अशा अहवालाने निरोगी माणसाची झोप उडते आणि फायदा शून्य. जनुकाची चाचणी लक्षणे असलेल्या बाळासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी मोलाची. तंबाखू मळणाऱ्यासाठी ती फुकटची सबब.

मिश्री, सुपारी आणि आरसा

तोंडाच्या कर्करोगाचे खरे कारण आपल्याला केव्हाचे माहीत आहे. ते कळायला जनुकांचे यंत्र आले नव्हते तेव्हाही कळले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले डाग यांचा हिशेब मांडला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या बायकांची मिश्रीही होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आजही अनेक घरांत दंतमंजनाच्या नावाखाली हिरड्यांवर घासली जाते. घरातली मोठी बाई तिला व्यसन मानत नाही, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारले की ती मान हलवते. विचारायचे ते ‘मिश्री लावता का’ असे.

सुपारीबद्दल या किनाऱ्यावर बोलणे नाजूक आहे. रायगडच्या वाड्यांत नारळाच्या जोडीला पोफळी उभ्या असतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव सर्वदूर आहे. अनेक घरांची चूल तिच्यावर पेटली आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू न घालताही, कर्करोगकारक ठरवले, ही गोष्ट लपवता येणार नाही. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडेनासे होते. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. वाडीवाल्याला दोषी ठरवण्यापेक्षा त्याला मिरी, जायफळ, दालचिनीच्या आंतरपिकाकडे वळण्यासाठी हात देणे हा शहाणपणा आहे. कोकणात ते करून दाखवणारे बागायतदार आहेत. आणि गुटख्याचे काय? २०१२ पासून महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे. बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती, हे वाचकांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

भारतात दरवर्षी ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण निघतात आणि सुमारे ८० हजार माणसे त्याने जातात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचा २०२२ चा अंदाज आहे. हा कर्करोग पोटात किंवा मेंदूत दडून बसत नाही. तो आरशात दिसतो. तरीही बहुतेक रुग्ण उशिरा येतात. सुरुवातीचा डाग दुखत नाही आणि दुखत नाही ते आपण आजार मानत नाही, हेच त्याचे कारण.

काय पाहायचे? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. त्याहून अधिक धोक्याचा लाल चट्टा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. गालात, जिभेखाली किंवा मानेत लागणारी गाठ. कारण नसताना हलू लागलेला दात. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील इतके कमी झालेले तोंड उघडणे. यातले एकही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचे. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, बहुतेक नसतातच. पण कोणता आहे आणि कोणता नाही हे घरी ठरवायचे नसते.

अशा साध्या पाहण्याने जीव वाचतात याचा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तपासणी झालेल्या गावांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला. २०१६ पासून केंद्राच्या आराखड्यात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडतपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असे लिहिलेले आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांपैकी अशी तपासणी एकदाही झालेले जेमतेम एक टक्का निघाले. शंभरातले नव्व्याण्णव जण बाकी आहेत. या तपासणीला लागते ते बॅटरी, लाकडी पट्टी आणि शिकवलेली नजर.

मागणे काय

या स्तंभाची मागणी मोठी नाही. पहिली: किनाऱ्यावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने वर्षातून दोन दिवस तोंडतपासणीचे ठरवावेत. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्याच्या दिवसांत कोळीवाड्यातले पुरुष घरी असतात. त्याहून चांगली वेळ नाही. बायकांसाठी वेगळी वेळ आणि मिश्रीबद्दल विचारणारी बाई असावी. दुसरी: आशा सेविकांच्या नवजात बाळाच्या भेटीत ‘अंगावर फोड आहेत का’ हा एक प्रश्न आणि असल्यास कुठे पाठवायचे त्याचा ठरलेला पत्ता असावा. तिसरी: पोफळीच्या वाडीत दुसरे पीक घेणाऱ्याला पहिली काही वर्षे तग धरायला मदत मिळावी. आणि चौथी वाचकांकडे: घरात मिश्री लावणारी आई किंवा आजी असेल तर रागावू नका, आज संध्याकाळी उजेडात बसवून तिचे तोंड बघा. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

काही जणांना वाटेल, दुर्मीळ जनुकाच्या गोष्टीतून मिश्रीपर्यंत यायचे कशाला? कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: दोष कुणाचा? फोड आलेल्या बाळाच्या आईचा तो नाही. तिला दोषातून मुक्त करणे हे विज्ञानाचे काम आहे. आणि तोंडात चट्टा घेऊन फिरणाऱ्याला ‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणू न देणे हेही विज्ञानाचेच काम आहे. वारशाने आलेली गाठ आपण निवडत नाही. पुडी मात्र रोज निवडतो, आणि रोज निवडायची ती एखाद्या दिवशी नाकारताही येते.

किहीमला सालिम अलींनी काय केले? उपकरणे नव्हती, अनुदान नव्हते. जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होते ते त्यांनी रोज, न कंटाळता, नीट पाहिले. तोंडातला चट्टा आणि बाळाच्या टाचेवरचा फोड हेही डोळ्यांसमोरच असतात. त्यांच्याकडे तसेच पाहायला शिकायचे, एवढेच.